चिंताहरण

बऱ्हाणपूरच्या जुन्या भुयारी पाणीव्यवस्थेत एका भंडाऱ्याचं नाव चिंताहरण आहे. मूळ भंडारा, सुका भंडारा, कुंडी भंडारा ही त्याची भावंडं. बाहेरगावचे पाहुणे येतात ते कुंडी भंडारा बघायला. लिफ्टने ऐंशीएक फूट खाली उतरतात, भुयारातल्या गार पाण्यात पाय बुडवतात, फोटो काढतात आणि वर येऊन मावा जलेबी खायला जातात. चिंताहरणाची चौकशी सहसा कोणी करत नाही. याच मुलखात वाढूनही मला ते नाव कधी अडलं नव्हतं. अडलं ते पंचेचाळिसाव्या वर्षी, माझीच झोप उडाली तेव्हा.

ही सगळी व्यवस्था मुळात काळजीतून जन्मली. बऱ्हाणपूर म्हणजे मोगलांचं दख्खनचं दार. इथे छावणी, सुभेदाराचा दरबार, सराया, पेठा, आणि एवढ्या वस्तीचा जीव एकट्या तापीवर. शत्रूने नदीत वरच्या अंगाला विष कालवलं तर काय, ही धास्ती या बांधकामामागे होती असं इथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. जहांगिराच्या काळात, अब्दुल रहीम खानखानाच्या अमदानीत, 1615 साली तबकुतुल अर्ज या फारसी भूगर्भतज्ज्ञाने त्यावर जमिनीखाली उत्तर शोधलं. सातपुड्यात मुरलेलं पाणी उताराने तापीकडे झिरपत असतंच. त्याच वाटेवर थोड्या थोड्या अंतराने कुंड्या खणल्या, त्या भुयारांनी जोडल्या, भुयाराला बेताचा उतार दिला आणि पाणी आपल्या पायांनी शहरात आणलं. ना मोट, ना बैल. इराणातल्या कनातीची ही रीत. अशा आठ व्यवस्था उभ्या राहिल्या, त्यांतल्या दोन फार पूर्वीच नष्ट झाल्या. कुंडी भंडाऱ्याला शंभरावर कुंड्या आहेत आणि मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचं नाव गेलं.

मला यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘एवढं काय मनाला लावून घेता’ असं म्हणून इथे कोणी विषय मिटवला नाही. भीतीत खरं किती आहे ते पाहिलं आणि तेवढ्यापुरती कुदळ हातात घेतली. पुढची सगळी पानं या एका गोष्टीचा विस्तार आहेत. तो विस्तार कुठे पुरतो आणि कुठे तोकडा पडतो, तेही या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

आधी माझं सांगते. एके दिवशी शाळेतून परतताना, शनवाऱ्याच्या चौकात रिक्षा अडकली होती तेव्हा, एकाएकी छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना, तळवे भिजले. आता संपलं, असंच वाटलं. रिक्षावाल्याने परस्पर दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, तो चांगला आला. तोवर धडधडही ओसरली होती. डॉक्टर हसून म्हणाले, “कुछ नहीं है मॅडम, टेन्शन मत लो.” घरी आले आणि पुढचे चार महिने त्या चौकातून जायचं टाळत राहिले. मंडईला लांबच्या वाटेने जायचे. त्या वाटेवरही एकदा जीव घाबरा झाला, मग मंडईच सोडली. भाजी दारावर यायला लागली आणि माझं जग खिडकीएवढं झालं.

‘कुछ नहीं है’ हे हृदयापुरतं खरं होतं. बाकीच्या बाबतीत ते खोटं होतं, पण ते खोटं का, हे मला हिंदीत सांगता आलं नाही. मध्य प्रदेशाच्या सरहद्दीवरच्या मराठी माणसाची ही जुनी अडचण. शेत इथलं, भाव इथला, शाळा आणि कचेरी हिंदीत, आणि पोटात गोळा मात्र मराठीत येतो. डॉक्टरांना सांगायला आमच्याकडे ‘घबराहट’ हा एकच शब्द असतो. घरात मात्र आम्ही किती तऱ्हेने बोलतो! परीक्षेच्या निकालाआधी असते ती धाकधूक. लेक सासरी गेल्यावर लागते ती हुरहूर. निरोप येत नाही तोवर जीव टांगणीला लागतो. दोन्हीकडून ओढ असली की घालमेल होते. ताप चढलेल्या पोराची तगमग होते आणि उशाशी बसलेल्या आईची तळमळ. एखादं काम राहून गेलं की रुखरुख. आणि कारणच सापडत नाही तेव्हा आपण एवढंच म्हणतो, जीव थाऱ्यावर नाही. या प्रत्येकावर उपाय निराळा आहे. हुरहुरीला गोळी लागत नाही, ती माणसं भेटली की जाते. रुखरुख राहिलेलं काम केलं की जाते. पण थाऱ्यावर नसलेला जीव महिनोन् महिने तसाच राहिला, तर त्याच्याकडे नीट बघावं लागतं. म्हणून या पुस्तकाचा पहिला भाग फक्त शब्दांचा आहे. आपल्याला नेमकं काय होतंय ते आपल्या भाषेत सांगता आलं, तर अर्धी वाट सरली असं मी म्हणणार नाही. पण वाट सुरू कुठून होते ते तरी कळतं.

माझे वडील केळीवाले. आबांची बाग तापीकाठी, बऱ्हाणपुरापासून बैलगाडीच्या अंतरावर. केळीची काळजी इतर पिकांपेक्षा वेगळी. कापूस घरात थप्पी लावून ठेवता येतो, चांगल्या भावाची वाट बघता येते. केळीचा घड तयार झाला की झाला. तो भावासाठी थांबत नाही. वर्षभर खत, पाणी, पिलं काढणं, करपा, मोझॅक सगळं निभावून नेलं, तरी मे-जूनच्या वादळाचा एक तास पुरतो. निसवलेल्या बागेत प्रत्येक खोडाच्या माथ्यावर घडाचं ओझं असतं आणि मुळं उथळ. वारा सुटला की खोडं मधोमध मोडतात. सकाळी बागेत गेलं की कोणीतरी रात्रीतून चालत जाऊन सगळं आडवं केल्यासारखं दिसतं.

आबा रोहिणी लागायच्या आधीच कामाला लागत. बांबूंचे टेकू देत, ते पुरत नसत तिथे शेजारशेजारची खोडं पट्ट्यांनी बांधून घेत, पश्चिमेच्या बांधाला शेवरी दाट लावत. हे सगळं करून झाल्यावरही रात्री वारा सुटला की ते उठून बसत. ओसरीत उभं राहून पानांचा आवाज ऐकत. केळीची पानं वाऱ्यात फाटतात तेव्हा कोणी भराभरा कापड टरकावतंय असा आवाज येतो. मग बॅटरी घेऊन बागेकडे निघत. माय दारातून म्हणायची, “अहो, वाऱ्याला धरून ठेवणार आहात का तिथं जाऊन?” आबा थबकायचे, परत यायचे, पुन्हा निघायचे. पुढे मी मानसशास्त्राची पुस्तकं वाचली, पण चिंतेचं याहून नेमकं चित्र मला कुठे भेटलं नाही.

कोविडच्या दिवसांत एक वाक्य भिंतीभिंतीवर होतं: काळजी करू नका, काळजी घ्या. वाक्य गोड आहे आणि मराठीतच शक्य आहे. पण या दोन काळज्या वेगळ्या काढून ठेवता येतात, असं त्यात गृहीत धरलंय. तशा त्या येत नाहीत. आबांनी आधी काळजी केली, म्हणून टेकू दिले. ज्याला कसलीच काळजी लागत नाही, तो कशाचीच घेत नाही. चिंता म्हणजे दारावर थाप मारणारा जागल्या. त्याला हाकलून दिलं तर चोराची खबर कोण देणार? अडचण वेगळी आहे. खबर दिल्यावर जागल्याने निघून जायला हवं, आणि तो उंबऱ्यावरच बसून राहतो.

तो का बसून राहतो, हे शरीराच्या अंगाने समजून घेतलं तर निम्मी भीती कमी होते. धोका दिसला की मेंदू पळायची किंवा लढायची तयारी करतो. अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास वर वर आणि भराभर होतो, पचन थांबतं, म्हणून पोटात कालवाकालव होते. वाघापुढे हे सगळं उपयोगी आहे. बँकेच्या नोटिशीपुढे, दहावीच्या निकालापुढे पळायचं कुठे? पळता येत नाही, म्हणून ती तयारी अंगातच फिरत राहते. रिक्षात मला झालं ते हेच, फक्त एकदम. अशा झटक्याचा जोर बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतो. मी मात्र तो उतरताना कधी पाहिलाच नाही, कारण दर वेळी आधीच पळाले. पळालं की बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याची किंमत अशी की मेंदू पक्कं धरून बसतो, पळालो म्हणूनच वाचलो. मी सोडलेला चौक, सोडलेली मंडई हा त्या हिशेबाचा जमाखर्च. परत जायला मला सहा आठवडे लागले. आधी चौकाच्या अलीकडच्या दुकानापर्यंत, मग चौकात दोन मिनिटं, मग दहा. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यायचं, तो लांबवायचा, कारण लांब उच्छ्वासाने हृदयाची गती खाली येते. आणि धडधड सुरू झाली तरी तिथेच उभं राहायचं. सातव्या आठवड्यात मी तिथे उभी राहून कोथिंबिरीचा भाव केला.

विचारांची बाजू याहून चिवट. मेंदू रात्री दोन वाजता तेच तेच दळण दळतो. अमेरिकेत थॉमस बोर्कोवेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1983 साली एक साधी युक्ती तपासून पाहिली: काळजीला रोजची ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा द्यायची. संध्याकाळी अर्धा तास, तोही बिछान्यावर नाही. दिवसभरात काळजी आली की तिला सांगायचं, सहा वाजता ये. मी वहीचं पान उभं दुमडते. डावीकडे जे लागलंय ते सगळं, उजवीकडे उद्या सकाळी त्यातलं हाताने करता येईल ते. उजवी बाजू नेहमीच लहान असते. पण ती कोरी कधीच नसते, निदान एखादा फोन तरी असतो. डावीकडचा मजकूर माझ्या कुंडीचा खड्डा, आणि उजवीकडे भुयाराचा उतार.

आपल्याकडे ही वाट नवी नाही. समर्थ रामदासांनी मनाचे श्लोक लिहिले ते 205, आणि त्यांत मनाला हाक मारली आहे. मनाशी बोलायचं म्हणजे मन आणि आपण थोडे वेगळे होतो. मनात आलेला प्रत्येक विचार हुकूम नसतो, एवढं त्यातून कळतं. 1955 च्या सुमारास अल्बर्ट एलिसने न्यूयॉर्कमध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येते. प्रसंग आपल्याला अस्वस्थ करत नाही, प्रसंगाबद्दल आपण मनाशी जे हट्टाने म्हणत राहतो ते करतं. मुंबईचे कि. मो. फडके यांनी ही पद्धत भारतात रुजवली आणि अंजली जोशींच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने ती मराठी घरांत पोचवली. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतून तिचा वापर रोजच्या मराठीत होऊ लागला. या पुस्तकातल्या विचारांवरच्या भागाला या मंडळींचं ऋण आहे.

पण इथे एक इशारा द्यायला हवा. सगळ्याच काळज्या डोक्यात नसतात. आमच्या गल्लीमागे यंत्रमागाची शेड आहे. तिथला कारागीर मीटरवर मजुरी घेतो. वीज गेली की साचे थांबतात, साचे थांबले की मजुरी थांबते. उभ्या धाग्यांचा ताण त्याला बोटाने कळतो. ढिला पडला तर धागे एकमेकांत गुंततात, जास्त ओढला गेला तर तटातट तुटतात. ताण हा आपला शब्द मनासाठी वापरायला लागलो ते हल्लीच. मागावर तो आधीपासून आहे. त्या कारागिराला दीर्घ श्वास शिकवणं ही थट्टा होईल. त्याला हवी आहे नियमित वीज, बरी मजुरी आणि पोराच्या फीची सोय. जिथे काळजीचं मूळ बाहेर आहे तिथे इलाजही बाहेरच करावा लागतो. या पुस्तकातले उपाय त्याची जागा घेऊ शकत नाहीत. फार तर लढायला लागणारी झोप मिळवून देतात.

आणि काही काळज्या हा सरळ आजार असतो. सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक रोज, आवरता न येणारी चिंता असेल, झोप-भूक-काम बिघडलं असेल, तर ते स्वभावाचं नाव पुढे करून ढकलू नये. आधी थायरॉइड आणि रक्त तपासावं, दिवसातले चहा मोजावेत, तंबाखू-गुटखा मोजावा. मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. चिंतेवरच्या नियमित गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देऊ नयेत. याउलट लगेच गुंगी आणणाऱ्या झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत, त्यांची सवय लागते. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, जिच्यात मध्य प्रदेशही होता, दर शंभर प्रौढांत दहाहून थोड्या जास्तांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक त्रास होता. आजाराच्या प्रकारानुसार त्यांतल्या 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलाच नव्हता.

पोचवता येतो, हे मात्र आपल्या शेजारीच दिसलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रयोग झाला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं, त्यांनी घरोघरी जाऊन बोलणं सुरू केलं, गरज पडली तर डॉक्टरांशी गाठ घालून दिली. अठरा महिन्यांत नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं, असं 2017 साली प्रसिद्ध झालं. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून दुवेच्या शेजारी दवाही मिळू लागली. आमचं गाव दर्ग्यांचं, गुरुद्वाऱ्याचं, तापीच्या घाटांचं. तिथे डोकं टेकवून कोणाला हलकं वाटत असेल तर त्यात डॉक्टरांनी रागवण्यासारखं काही नाही, आणि गोळी घेतली म्हणून देव रागावत नाही. दवाखाना लांब असेल तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर 2022 पासून तो चालू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर हे पुस्तक मिटून आधी तो क्रमांक लावावा.

एवढं सगळं करूनही काही उरतं. तापी आणि मोहना जिथे मिळतात तिथे राजाची छत्री आहे, मिर्झाराजे जयसिंहाची. पुरंदरचा तह करून घेणारा हा मातब्बर सेनापती. शिवाजीराजांच्या सुरक्षिततेचा शब्द त्याने दिलेला, आणि आग्ऱ्यात त्या शब्दाला जामीन त्याचा मुलगा रामसिंह. ऑगस्ट 1666 मध्ये महाराज निसटले, रामसिंहावर बादशहाची खप्पा मर्जी झाली, इकडे विजापूरची मोहीम फसली, आणि दख्खनचा कारभार दुसऱ्याच्या हाती देऊन परत निघालेला जयसिंह 1667 साली बऱ्हाणपुरात वारला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू धजणार नाही. पण त्या छत्रीत बसलं की एवढं कळतं: माणूस कितीही कर्तबगार असो, दुमडलेल्या पानाची डावी बाजू सगळीच्या सगळी उजवीकडे जात नाही. मुलगा दूर, बादशहा दूर, घडून गेलेलं घडून गेलेलं. अशा काळजीला कुंडी खणता येत नाही.

मग काय करायचं? माझ्याकडे त्याचं शास्त्रीय उत्तर नाही, मायचं आहे. वाऱ्याच्या रात्री आबा तिसऱ्यांदा बॅटरी उचलायला लागले की ती बोलायची थांबायची. कोपऱ्यातलं सूप ओढायची, त्यात भुईमुगाच्या शेंगा ओतायची आणि त्यांच्यापुढे ठेवायची. स्वतःही समोर बसायची. दोघं काही बोलत नसत. बाहेर पानं टरकत, आत शेंगा फुटत. आबांचं डोकं बागेतच असे, पण बोटं ओसरीत असत, आणि थोड्या वेळाने खांदे खाली येत. पहाटे कधी बाग उभी सापडायची, कधी आडवी. मोडलेली खोडं मोजायला आबा निघत तेव्हा माय त्यांच्या हातावर भाकरी ठेवायची, आणि तिच्यावर रात्रीच्या दाण्यांची चटणी.

बऱ्हाणपूर
मृग नक्षत्र